आयसीयूत आधी एक खुर्ची ठेवा: गंभीर रुग्ण आणि त्याच्या घरच्यांसाठी काय, कसं आणि कोणत्या क्रमाने बदलायचं

रात्री अकरा वाजता कुठल्याही जिल्हा रुग्णालयाच्या किंवा मध्यम आकाराच्या खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूबाहेरचा जिना पाहावा. चटई, डबा, चार्जिंगला लावलेला मोबाइल, आणि दार करकरलं की दचकून उभी राहणारी माणसं. आत त्यांचा माणूस 'चार नंबर' झालेला असतो. त्याचा चष्मा ड्रॉवरमध्ये, कवळी स्टीलच्या वाटीत आणि हात पलंगाला बांधलेले.

यात कुणी दुष्ट नसतं. बहुतेक सिस्टर आणि डॉक्टर मनाने चांगलेच असतात, पण एका सिस्टरकडे तीन-चार पेशंट असले की चांगुलपणा पहिल्या तासात संपतो. म्हणून हा लेख स्वभावाबद्दल नाही. खुर्ची, घड्याळ, वही आणि ठरलेली वेळ या गोष्टींबद्दल आहे. आठ बेडच्या विभागात यातलं जवळजवळ सगळं काही हजार रुपयांत होतं. वाचणाऱ्यात सिस्टर इन्चार्ज, आरएमओ (निवासी डॉक्टर) आणि हॉस्पिटल चालवणारे धरले आहेत, पण घरच्यांनीही वाचावं. काय मागता येतं ते त्यांना कळेल.

दार

सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास, ही भेटीची वेळ बहुतेक ठिकाणी 'इन्फेक्शन होतं' या कारणावर टिकून आहे. ब्राझीलमधल्या ३६ आयसीयूंमध्ये हे तपासलं गेलं आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरच्यांना दिवसात १२ तासांपर्यंत थांबू दिलं तरी आयसीयूतला जंतुसंसर्ग लक्षणीय वाढला नाही. रुग्णाच्या भ्रमात (डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक भान हरपणं) ठळक फरक पडला नाही, हेही प्रांजळपणे सांगायला हवं. पण घरच्यांची चिंता आणि नैराश्य स्पष्ट कमी झालं.

एकदम १२ तास उघडू नका. स्टाफ बिथरतो आणि आठवड्यात सगळं पूर्वपदावर येतं. असं करा:

१. पहिले दोन आठवडे फक्त दोन बेड निवडा. प्रत्येकाशेजारी हात नसलेली, पुसता येणारी प्लास्टिकची एक खुर्ची ठेवा. व्हेंटिलेटर आणि सक्शनच्या (कफ ओढण्याच्या यंत्राच्या) बाजूला नको, दुसऱ्या बाजूला. नाहीतर सिस्टरला दर वेळी 'जरा उठा' म्हणावं लागेल आणि तिसऱ्या दिवशी खुर्चीच गायब होईल.

२. एका वेळी एकच माणूस, दुपारी ४ ते ८. पास कागदी नको. लॅमिनेट केलेला, बेडचा नंबर आणि रुग्णाचं नाव असलेला एकच पास असावा. तो ज्याच्या गळ्यात, तो आत. पासची अदलाबदल घरच्यांनी आपापसात करायची, त्यात सिक्युरिटीने पडायचं नाही.

३. आत येताना आणि जाताना हाताला सॅनिटायझर, २० ते ३० सेकंद, बोटांच्या फटींसकट. चपला काढायला लावण्याचा सोपस्कार बंद केला तरी चालेल. चपला काढताना हातच खराब होतात. सर्दी-खोकला असलेल्याला मात्र आत सोडू नका.

४. सक्शन, ड्रेसिंग, स्पंजिंग सुरू असताना बाहेर पाठवायचं असेल तर 'बाहेर थांबा' एवढंच म्हणू नका. 'पंधरा मिनिटांनी मी स्वतः बोलावते' म्हणा आणि बोलवा. बाहेर काढून विसरून जाणं ही या योजनेतली सर्वांत नेहमीची चूक आहे. एकदा असं झालं की पुढच्या वेळी माणूस हलायला तयार होत नाही, आणि मग त्याला 'भांडखोर नातेवाईक' हे नाव पडतं.

खुर्चीतल्या माणसाला काम द्या. रिकामा बसलेला माणूस मॉनिटरकडे बघत बसतो आणि ऑक्सिजनचा आकडा ९४ वरून ९२ झाला की घाबरतो. ओल्या गॉजने ओठ पुसणं, केस विंचरणं, चष्मा आणि श्रवणयंत्र लावणं, आज वार कोणता आणि आपण कुठे आहोत हे सांगणं, पेपर वाचून दाखवणं, हे त्याने करावं. तळपायाला तेल चोळलं तरी चालतं. पोटरी मात्र दाबू नये, तिथे रक्ताची गुठळी असू शकते. नळ्यांना हात लावायचा नाही आणि तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, हे पहिल्याच दिवशी कारणासकट सांगा: गिळता येत नसेल तर पाणी थेट फुप्फुसात जातं.

बोलणं

इथे सर्वांत जास्त बिघडतं, म्हणून थोडं सविस्तर.

बहुतेक ठिकाणी माहिती दारात उभ्या उभ्या, राउंड संपवून निघालेल्या डॉक्टरकडून मिळते. 'सीरियस आहे, ७२ तास काही सांगता येत नाही.' हे ७२ तास वैद्यकीय कमी आणि बचावाचे जास्त असतात. घरचे मात्र ते घड्याळ लावून मोजतात आणि त्र्याहत्तराव्या तासाला उत्तर मागतात.

दुसरा घातक शब्द म्हणजे 'स्टेबल'. डॉक्टरांना म्हणायचं असतं, 'कालच्याइतकाच वाईट.' घरचे ऐकतात, 'आता बरा होतोय.' दुसऱ्या दिवशी रुग्ण गेला की 'काल तर स्टेबल म्हणालात' हे वाक्य येतं, आणि पुष्कळ भांडणं तिथूनच सुरू होतात. या शब्दाऐवजी तीनच गोष्टी सांगा: कालपेक्षा बरं, कालसारखंच की कालपेक्षा वाईट, कशामुळे, आणि उद्या आपण कोणती एक गोष्ट बघणार आहोत. 'बीपीची दोन औषधं चालू होती, आज एक बंद झालं. हे चांगलं आहे. किडनी अजून काम करत नाही. उद्या लघवी किती होते ते बघू.' एवढं कुणालाही कळतं.

रोजच्या माहितीसाठी वेळ ठरवा, समजा दुपारी साडेबारा, आणि ती दारावर लिहा. डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले तर सिस्टर इन्चार्जने साडेबाराला बाहेर येऊन 'डॉक्टर दीडला येतील' एवढं तरी सांगावं. वेळ पाळली की दिवसभर दार ठोठावणं आपोआप कमी होतं.

याशिवाय बसून करायची एक बैठक हवी, भरती झाल्यापासून ७२ तासांच्या आत. तयारी अशी:

आधी पाच मिनिटं डॉक्टर आणि सिस्टरने आपापसात एकमत करावं. न्यूरोचा डॉक्टर 'आशा आहे' आणि छातीचा डॉक्टर 'अवघड आहे' म्हणाला, तर घरचे दोघांवरचाही विश्वास गमावतात. मग खोली. वेगळी खोली नसेल तर सिस्टरांची चेंजिंग रूम चालेल, जिना नको. सगळ्यांना पुरतील एवढ्या खुर्च्या, पाण्याचा तांब्या, डॉक्टरांचा मोबाइल सायलेंट. कोण कोण हवं, ते आधी विचारून घ्या. आपल्याकडे पुढे बोलायला काका, मोठा भाऊ किंवा 'जरा शिकलेला' जावई येतो आणि बायको किंवा आई मागे भिंतीला टेकून उभी राहते. तिला नावाने किंवा 'ताई', 'मावशी' म्हणून पुढच्या खुर्चीत बसवा. पुण्याला किंवा दुबईला असलेला मुलगा स्पीकर फोनवर घ्या. तो नंतर तिथून फोन करून झालेला निर्णय उलटवतो, त्यापेक्षा आधीच ऐकलेला बरा.

पहिला प्रश्न डॉक्टरांनी विचारायचा: 'तुम्हाला आतापर्यंत काय समजलंय?' उत्तर पूर्ण ऐका. मग: 'हे आजारी पडायच्या आधी कसे होते? दिवस कसा जायचा त्यांचा?' हा गप्पांचा प्रश्न वाटतो, पण पुढचे अवघड निर्णय याच्यावरच उभे राहतात. शेतात रोज पाच किलोमीटर चालणारा माणूस आणि दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला माणूस, दोघांसाठी 'वाचणं' याचा अर्थ एक नसतो. त्यानंतर बातमी, लहान वाक्यांत. वाईट बातमी असेल तर आधी सूचना द्या: 'मी जे सांगणार आहे ते चांगलं नाहीये.' सांगून झाल्यावर गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा. रडणाऱ्याला थांबवू नका आणि लगेच पुढचा मुद्दा काढू नका. सिएटलमधल्या आयसीयूंतल्या अशा बैठका ध्वनिमुद्रित करून केलेल्या अभ्यासात (२००४) घरच्यांच्या वाट्याला सरासरी २९ टक्केच वेळ आला होता, आणि जिथे ते जास्त बोलले तिथे त्यांचं समाधान जास्त होतं.

'आता तुम्ही सांगा काय करायचं' असा निर्णय मुलाच्या पदरात टाकून देऊ नका. 'व्हेंटिलेटर काढू का?' या प्रश्नाला हो म्हणणारा मुलगा आयुष्यभर बापाला मारल्याची भावना घेऊन जगतो. 'त्यांना आत्ता बोलता आलं असतं तर काय म्हणाले असते?' असं विचारा, आणि मग वैद्यकीय सल्ला तुम्ही स्वतःच्या तोंडाने द्या. 'देवावर सोडा' आणि 'आमच्याकडून करण्यासारखं काही नाही' ही दोन वाक्यं विभागातून हद्दपार करा. वेदना आणि धाप कमी करणं हे करण्यासारखं नेहमीच उरतं.

'पेशंट गेलाय, बिलासाठी व्हेंटिलेटरवर ठेवलाय' हा संशय अनेकांच्या मनात असतो. तो बोलून दाखवला की रागावू नका. आत न्या. हाताची ऊब, मनगटातली नाडी, तपासणीत होणारी हालचाल दाखवा, लघवीची पिशवी दाखवा. उघड्या दारामागे हा संशय फार काळ टिकत नाही. हल्ला करणाऱ्यांना शिक्षा सांगणारा महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याचा बोर्ड बऱ्याच हॉस्पिटलांत असतो, असावाही. पण पहिला बोर्ड रोजच्या माहितीच्या वेळेचा हवा.

पैसा

पैशाबद्दल न बोलता आयसीयूत माणुसकीची भाषा करणं ढोंग आहे. घरच्यांच्या डोक्यात दोन मीटर चालू असतात: आतला मॉनिटर आणि बाहेरचं बिल. म्हणून भरती होतानाच एका दिवसाचा अंदाजे खर्च लिहून द्या, त्यात बेड, व्हेंटिलेटर, औषधं, तपासण्या वेगवेगळ्या. दर दुसऱ्या दिवशी चालू बिल द्या. औषधांच्या चिठ्ठ्या दिवसातून दोन ठरलेल्या वेळीच बाहेर पाठवा. रात्री दोनला 'मेडिकलमधून हे आणा' ही हाक फक्त खऱ्या तातडीसाठी. उरलेली औषधं परत होतात हे न विचारता सांगा.

पहिल्या २४ तासांत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राशी (हॉस्पिटलातल्या मदतनीसाशी) गाठ घालून द्या, रेशनकार्ड आणि ओळखपत्र त्याच दिवशी मागवा. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१कक खालची योजना सांगा: १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. ही माहिती आठव्या दिवशी, जमिनीचा तुकडा विकायला काढल्यावर मिळणं ही क्रूरता आहे, आणि ती फार ठिकाणी घडते.

बेडवरचा माणूस

उशाशी एक ए-फोर कागद चिकटवा, घरच्यांकडून भरून घेतलेला: 'मला ___ म्हणतात' (अण्णा, शोभाताई, बाई), कोणती भाषा कळते, काम काय करतात, चष्मा-श्रवणयंत्र-कवळी आहे का, काय ऐकायला आवडतं, कशाची भीती वाटते. याच कागदाच्या मागे, वेगळं विचारून, दारू आणि तंबाखूची सवय लिहा. बायकांना मिश्रीबद्दल मुद्दाम विचारावं लागतं, त्या आपण होऊन सांगत नाहीत. दारू सुटल्यामुळे दोन-तीन दिवसांत होणारा भ्रम जिवावर बेतू शकतो आणि त्याचे उपचारही वेगळे असतात.

बेशुद्ध वाटला तरी प्रत्येक कृतीआधी सांगा: 'अण्णा, आता कूस बदलतोय.' 'घशातला कफ काढतेय, खोकला येईल, दहा सेकंद.' शिफ्ट बदलताना बेडजवळच हँडओव्हर देत असाल तर रुग्णाच्या डोक्यावरून 'हा काही वाचत नाही' असं बोलू नका. गुंगीतून बाहेर आलेले लोक अशी वाक्यं सांगतात.

नळी असल्यामुळे बोलता येत नाही, पण जागा आहे, अशा रुग्णासाठी लॅमिनेट केलेला तक्ता हवा. अक्षरांचा तक्ता मराठीत फसतो: अक्षर, मग काना-मात्रा, मग जोडाक्षर, तोवर माणूस थकतो. चित्रं आणि शब्दांचे १२ चौकोन करा: दुखतंय, धाप लागते, कफ काढा, तहान, गरम होतंय, थंडी, कूस बदला, लघवी-संडास, झोप येत नाही, भीती वाटते, घरचे कुठे, किती वाजले. अक्षर दोन सेंटिमीटरपेक्षा मोठं. शिवाय माणसाच्या बाह्याकृतीचं चित्र, कुठे दुखतं ते दाखवायला. हो-नाहीसाठी मान हलवायला सांगू नका. आपली मान दोन्ही उत्तरांना साधारण सारखीच डुलते. 'हो' म्हणजे हात एकदा दाबा, 'नाही' म्हणजे दोनदा.

वेदना मोजल्याशिवाय झोपेचं औषध वाढवू नका. बोलू न शकणाऱ्या रुग्णासाठी चेहरा, हालचाल, स्नायूंचा ताठपणा आणि व्हेंटिलेटरशी जुळणं या चार गोष्टींना ० ते २ गुण द्या. आठपैकी तीन किंवा जास्त आले तर दुखतंय असं समजा.

मग भ्रम. 'पेशंट इरिटेबल आहे' असं फाइलमध्ये लिहिलं जातं आणि हात बांधले जातात. पण गप्प, छताकडे बघत पडलेला, 'काही त्रास नाही' वाटणारा रुग्णही भ्रमात असू शकतो, आणि तोच निसटतो. प्रत्येक शिफ्टमध्ये दोन मिनिटांची तपासणी करा. आधी वागण्यात अचानक बदल किंवा चढउतार आहे का ते पाहा. मग दहा आकडे तीन-तीन सेकंदांनी म्हणा आणि 'एक' ऐकला की हात दाबायला सांगा: ८, १, ७, ५, १, ४, १, १, ३, ६. दोनपेक्षा जास्त चुका म्हणजे लक्ष लागत नाही. या दोन्ही खुणा असतील आणि रुग्ण पूर्ण सावध, शांत नसेल तर भ्रम आहे. सावध असेल तर चार प्रश्न विचारा: दगड पाण्यावर तरंगतो का? समुद्रात मासे असतात का? एक किलो दोन किलोपेक्षा जड का? हातोडीने खिळा ठोकता येतो का? शिवाय एक साधी सूचना: दोन बोटं दाखवून 'एवढी दाखवा', मग 'आता दुसऱ्या हाताने'. एकापेक्षा जास्त चूक झाली तरी भ्रमच.

सापडला की औषधाकडे धावण्याआधी कारण शोधा: वेदना, ऑक्सिजन, ताप, तुंबलेला कॅथेटर (लघवीची नळी), पाच दिवस न झालेली संडास, मिडॅझोलॅमसारखं गुंगीचं औषध. हॅलोपेरिडॉल या शांत करणाऱ्या औषधाने भ्रमाचे दिवस कमी होत नाहीत, हे २०१८ मध्ये मोठ्या चाचणीत दिसलं आहे. चष्मा, श्रवणयंत्र, घरचा आवाज, समोर मोठं घड्याळ आणि कालनिर्णय, दिवसा बसवणं, रात्री झोपवणं, हे आधी. हात बांधावेच लागले तर दर दोन तासांनी सोडून पाहा आणि घरचं माणूस खुर्चीत असताना मोकळेच ठेवा.

रात्र

पहाटे चारला स्पंजिंग, साडेचारला रक्त, पाचला एक्स-रे. हे वेळापत्रक नाइट ड्युटी संपायच्या आत काम उरकावं म्हणून जन्मलं, रुग्णासाठी नाही. रात्री ११ ते पहाटे ५ एवढा एक पट्टा जपा: दिवे मंद, अत्यावश्यक कामं एकत्र, स्पंजिंग संध्याकाळी किंवा सातनंतर. लॅबला आधी विश्वासात घ्या, नाहीतर त्यांचा माणूस ठरल्या वेळीच येणार. अलार्मच्या मर्यादा प्रत्येक रुग्णाप्रमाणे लावा आणि ईसीजीचे स्टिकर रोज बदला. पुष्कळ खोटे अलार्म वाळलेल्या स्टिकरमुळे वाजतात. शांतता क्षेत्रात रात्रीची कायदेशीर मर्यादा ४० डेसिबल आहे, म्हणजे हॉस्पिटलबाहेरच्या हॉर्नला नियम आहे आणि आत स्टीलचा ट्रे आपटणाऱ्याला नाही.

मंगळसूत्र, अंगारा, तीर्थ

सूज येण्याआधी अंगठ्या आणि बांगड्या काढा, उशीर झाला तर कापाव्या लागतात. मंगळसूत्र, जानवं, गंडा, तावीज मात्र न विचारता कापू नका. आड येत नसेल तर टेपने बाजूला चिकटवा. एमआरआयसारखं कारण असेल तर घरच्यांच्या हातांनी काढवून घ्या, पाकिटात सील करून दोन सह्या घ्या. कपाळाला अंगारा चालेल. दिवा, उदबत्ती अजिबात नाही, ऑक्सिजनजवळ आग लागते. तीर्थ किंवा गंगाजल ओठांना ओल्या गॉजने लावता येतं. हरिपाठ, कुराणपठण किंवा प्रार्थना मोबाइलवर कानाशी, हळू आवाजात, २० मिनिटं. वसई किंवा गोव्यात फादरना बोलवायचं असेल तर शेवटच्या तासाची वाट बघू नका.

शेवट जवळ आल्यावर

उपचार निष्फळ ठरत असताना ते थांबवण्याचा मार्ग कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला तो मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये सोपा केला. प्राथमिक वैद्यकीय मंडळात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. दुय्यम मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, घरच्यांची संमती घ्यायची आणि अंमल करण्याआधी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. मंडळात कोण असणार ते गरज पडण्याआधीच ठरवून ठेवा. रुग्ण समोर असताना नावं शोधायला लागलात की ४८ तासांचे आठ दिवस होतात.

ही वाट माहीत नसल्याने आपल्याकडे घरचे 'डामा'वर (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्जच्या कागदावर) सही करून रुग्णाला नेतात, कारण शेवटचा श्वास घरी जावा ही इच्छा असते. तसं न्यायचंच असेल तर सही घेऊन हात झटकू नका. ॲम्ब्युलन्स आणि ऑक्सिजन, धाप आणि वेदनेची औषधं लिहून, आणि घरी मृत्यू झाल्यावर दाखला कोण देणार ते आधीच ठरवून. गावात डॉक्टर नसेल तर याच कागदासाठी कुटुंब दोन दिवस फिरतं. अपघाताची किंवा विषबाधेची केस असेल तर शवविच्छेदन होणार हेही आधी सांगा.

मेंदूमृत घोषित करताना दोन तपासण्यांत सहा तासांचं अंतर असतं. त्या काळात 'मेंदू मेलाय' एवढंच पोचू द्या. अवयवदानाचा विषय दुसरी तपासणी पूर्ण झाल्यावर, आणि शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरने नव्हे, अवयवदान समन्वयकाने काढावा.

मृत्यूनंतर मॉनिटर बंद करा, नको असलेल्या नळ्या काढा, तोंड पुसा, पडदा ओढा. घरच्यांना किमान अर्धा तास द्या, त्यात बिलाचा माणूस येता कामा नये. बिलाच्या वादावरून मृतदेह अडवता येत नाही, हे रुग्णहक्क सनदेत स्पष्ट आहे. कॅश काउंटरवरच्या रात्रपाळीलाही ते माहीत हवं. स्टाफनेही बेडजवळ एक मिनिट थांबावं, मग पुढचा पेशंट.

घरी गेल्यावर

प्रत्येक बेडला दोनशे पानी वही ठेवा. सिस्टर आणि घरचे, दोघांनी रोज तीन-चार ओळी लिहायच्या: 'आज डोळे उघडले. नातीचा आवाज ऐकून हात हलवला. बाहेर पाऊस.' वैद्यकीय शब्द, दोषारोप, इतर रुग्णांची नावं नकोत. रुग्णाला हरवलेले दिवस यातून परत मिळतात. 'मला कोंडून ठेवलं होतं' अशा भासांचा खुलासा होतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत अशा वहीमुळे आघातोत्तर ताणाचे (पीटीएसडी) नवे रुग्ण कमी आढळले. पहिल्या आठवड्यात देऊ नका. रुग्ण स्वतः विचारू लागला की द्या, आणि पहिलं वाचन एकट्याने नको.

डिस्चार्जच्या वेळी तोंडी आणि कागदावर सांगा: हातापायातली ताकद यायला महिने लागतात, वाईट स्वप्नं पडतील, नावं विसरतील, चिडतील. हे वेड नाही. सांभाळणाऱ्यालाही झोप न लागणं, धडधड होणं होतं, त्याचीही विचारपूस करा. तीन-चार आठवड्यांनी एक फेरतपासणी ठरवूनच घरी सोडा. त्या दिवशी नुसता बीपी बघून पाठवू नका: खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, झोप किती, काम सुरू झालं का, घरात कर्ज किती झालं, हे चार प्रश्न विचारा. रुग्ण गेला असेल तर त्याच सुमाराला सिस्टर इन्चार्जने त्या घरी एक फोन करावा, शक्यतो दिवसकार्य उरकल्यानंतरच्या आठवड्यात. तोवर पाहुणे परतलेले असतात.